कारण काय लिहायचं

आमची अक्षरा हट्टी आहे हे मला काही नवीन नाही, पण त्या दिवशी तिनं माझा अंतच पाहिला.

ती व्हाइटफील्डच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्यांच्या चुकीमुळं एका परदेशी गिऱ्हाइकाच्या सगळ्या दुकानांत अर्धा दिवस बिलंच निघेनात. असं का झालं ते आता इंग्रजीत लिहून द्यायचं होतं, आणि ते काम अक्षराच्या गळ्यात पडलं. प्रोग्राममधला तो चुकीचा बदल केला होता निधीनं. नवीन पोरगी, अजून नोकरीत कायमसुद्धा नाही. त्यांच्यात एकानं केलेला बदल दुसऱ्यानं वाचायचा, 'लुक्स गुड' असं लिहायचं, मगच तो पुढं जातो. ते लिहिलं होतं आमच्या बाईसाहेबांनी, न वाचता. घाईत सगळेच तसं करतात म्हणे.

त्या दिवशी घरूनच काम होतं. मी शेजारी भाजी निवडत होते. तिचा साहेब प्रणीत, पुण्याचा, फोनवर गोड बोलून सांगत होता की नव्या मुलीचा 'ह्यूमन एरर' असं लिही आणि विषय संपव, मॅनेजरच्या जागेसाठी तुझं नाव वर गेलंय. मी तर ती मॅनेजर होणार म्हणून नात्यागोत्यात सांगूनही बसले होते.

"लिही की," मी म्हटलं. "खोटं कुठं आहे त्यात?"

"खोटं नाही, अर्धं आहे. निधीला घरी पाठवतील, आई."

मग तिनं लिहिलं, 'अप्रूव्हल वॉज गिव्हन विदाउट रिव्ह्यू.' न तपासता मंजुरी दिली गेली. कुणी दिली, ते त्यात कुठंच नव्हतं. मला हायसं वाटलं. तिनं ते खोडलं आणि लिहिलं, 'बिकॉज आय अप्रूव्ह्ड इट विदाउट रीडिंग इट.' कारण मी ते न वाचता मंजूर केलं.

माझं डोकं फिरलं. एवढा शहाणपणा कुणी सांगितलाय म्हणून मी तोंड सोडलं. ती म्हणाली, 'स्वल्प थांब', इथल्या कन्नडातलं 'जरा', आणि पाठवूनच दिलं.

निधीची नोकरी राहिली. मॅनेजरची जागा दुसऱ्याला गेली. ते कळलं त्या रात्री अक्षरा दोन घास खाऊन उठली.

रविवारी माझी जाऊ चंदना आली. बसल्या बसल्या तिनं विचारलं, का गं नाही मिळाली जागा? ऑफिसातलं राजकारण, असं म्हणून मला सुटता आलं असतं. शब्द अगदी ओठावर आले होते. अक्षरा समोरच बसली होती, मान खाली घालून.

"तिनं न वाचता मंजुरी दिली होती," मी म्हटलं, "आणि तसं स्वतःच्या नावानं लिहून दिलं, म्हणून."

चंदना चुकचुकली. मला असा राग आला.

"चुकचुकू नकोस," मी म्हटलं. "माझी मुलगी आहे ती."