दोन खटक्यांचा हँडब्रेक

ठेच लागली ना, मित्रांनो? शिव्या देण्याआधी जरा खाली वाकून पाहा. मी धोंडा नाही. मी एक जुना ब्रेक ड्रम आहे. वाऱ्याने या लाँड्रीचे दार लोटू नये म्हणून मला इथे ठेवले आहे. ज्यांनी ठेवले त्यांची इच्छा आहे की मी या दाराशीच राहावे. माझीही तीच आहे. का, ते सांगतो. गोष्ट सुडाची आहे, गोड मानून घ्या.

मी ओतीव लोखंडाचा. भट्टीत भंगार वितळवून मला ओतले, लेथवर चढवून आतून गुळगुळीत केले. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊही जन्मला. आम्हाला लाँड्रीच्या गाडीच्या मागच्या चाकांत बसवले. तो डावा, मी उजवा. चाक फिरले की आम्हीही फिरायचे. आमच्या पोटात चंद्रकोरीसारखे दोन-दोन ब्रेक शू असायचे. पायाखालचा ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने ते फाकून आम्हाला आतून घट्ट धरायचे आणि गाडी थांबायची. हँडब्रेक ओढला तरी तेच शू, फक्त तारेने ओढलेले. धरायचे आणि सोडायचे, एवढाच आमचा संसार.

गाडी मामांच्या हातात होती. ते कुणाचे सख्खे मामा नव्हते, पण लाँड्रीत सगळ्यांचेच मामा होते. इस्पितळाच्या चादरी नि हॉटेलांचे टॉवेल पोचवून आले की ते गाडीभोवती एक फेरी मारत आणि प्रत्येक चाकाजवळ उलटा हात नेत. आई झोपलेल्या लेकराच्या कपाळाला लावते ना, तसा. "ताप नाही ना रे बाळांनो?" असे विचारत. अंगण उताराचे, म्हणून गाडी उभी केली की चाकाखाली एक चौकोनी दगड सरकवत. तो दगड त्यांच्या सीटमागेच राहायचा.

मग जावई आले. लाँड्री बाईंची. त्यांनी ती हाताला घट्टे पाडून उभी केली होती, पण गुडघे कुरकुरू लागले तसा कारभार जावयांकडे सोपवला. जावई मनाने वाईट नाहीत, असे लोक म्हणतात. मी म्हणत नाही.

"मामा, ही गाडी आहे की हातगाडी? दगड कसले लावता?" असे म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी तो दगड कुंपणापलीकडे भिरकावला. पुढे एकदा त्यांनीच गाडी उतारावर उभी केली, आणि ती आरामात मागे घरंगळत वाळत घातलेल्या चादरींत जाऊन घुसली. इस्त्रीच्या खोलीतल्या बायका तोंडात रुमाल कोंबून हसल्या. तो राग निघाला आमच्यावर. जावई पाना घेऊन गाडीखाली शिरले आणि हँडब्रेकच्या तारेचा नट आवळला, आवळला, अजून आवळला. मग भेटेल त्याला हँडब्रेक ओढून दाखवू लागले, "बघा! आधी कट्-कट् करत सात-आठ खटके ओढावा लागायचा. आता दोन खटक्यांत! दोन!"

मित्रांनो, तार इतकी ताणल्यावर शू मागे जाणार कुठे? हँडब्रेक खाली केला तरी ते आम्हाला घासतच राहिले. आम्ही तापलो. धुतलेल्या चादरींना करपल्याचा वास येऊ लागला. मामांनी नेहमीसारखी फेरी मारली. माझ्यापाशी हात आणला आणि झटकन मागे घेतला.

"जावईबापू, पुढची चाकं गार आहेत, मागची दोन्ही तापलीत. हँडब्रेक मागच्यांनाच लागतो, त्याची तार जास्त आवळली गेली असेल."

"तार?" जावई सगळ्यांदेखत म्हणाले. "मामा, तुमचा पायच ब्रेकवरून निघत नाही. वय झालं की माणूस भिऊन चालवतो."

मिस्त्रीला बोलावले. त्याने जावयांचे ऐकले, चाक खोलले, झिजलेले शू पाहिले आणि मान डोलावली, "पाय ठेवून चालवल्यावर आणखी काय होणार?" त्याने नवे, जाड शू घातले. आधीच अडचण, त्यात पाहुणे आले! तारेकडे मात्र कुणी पाहिले नाही.

मामांच्या हातातली चावी गेली आणि तिथे चादरींच्या घड्या आल्या. घरी जाताना ते माझ्याजवळ थांबले. "आळ आला रे बाळा," एवढेच म्हणाले. मी तिथेच डूख धरला.

मला हात नाहीत, तोंड नाही. माझ्याजवळ फक्त ताप होता. तो मी जपला.

एके दिवशी जावई बाईंना शेजारी बसवून एका नव्या हॉटेलाचे काम ठरवायला निघाले. रस्ता लांबचा. मी एकेक मैल साठवत गेलो. वास सुटला. बाईंनी नाक मुरडले, "बापू, तुमचाही पाय ब्रेकवरच आहे की काय?"

"छे हो, बाहेरचा वास आहे."

मग मागून धूर निघाला. जावई उतरले. "धूळ उडतेय नुसती. चाक गारच असणार, हे बघा," असे म्हणत त्यांनी चाकाच्या भोकातून हात आत घातला आणि अख्खा तळहात माझ्यावर टेकवला.

मला फार बरे वाटले, मित्रांनो. खोटे कशाला बोलू?

बाईंच्या फोनवर मिस्त्री धावत आला. "गाडी सरकू नये म्हणून पुढच्या चाकाला लावायला दगड आहे का?"

"होता," बाई म्हणाल्या. जावई फोड आलेल्या तळहातावर फुंकर घालत होते.

मिस्त्रीने रस्त्याकडेचा दगड आणून लावला, मागचे चाक जॅकने उचलले, हँडब्रेक खाली केला. चाक हलेना. "ब्रेकच्या तेलाचा दाब आत अडकला असेल तर हा स्क्रू सोडल्यावर चाक सुटेल." त्याने स्क्रू सोडला. चार थेंब तेल आले. चाक जागचे ढिम्म. "म्हणजे तेल निर्दोष." मग तो खाली शिरला आणि तारेचा नट सैल केला. मी गरगर फिरलो! किती दिवसांनी!

मिस्त्री खाली मान घालून म्हणाला, "हे मी त्या दिवशीच बघायला हवं होतं. पण तार आवळली कोणत्या शहाण्यानं?"

बाई जावयांकडे वळल्या. मग हुबेहूब जावयांच्या सुरात म्हणाल्या, "दोन खटक्यांत! दोन!"

त्याच संध्याकाळी बाई घड्यांच्या टेबलापाशी आल्या. "मामा, चावी घ्या."

"घेतो. पण आळ चारचौघांत आला होता बाई. उतरायलाही चारचौघांतच हवा."

जावई पट्टी बांधलेला हात छातीशी धरून उभे राहिले. "मामांचा पाय ब्रेकवर नव्हता. माझा पाना तारेवर होता."

इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या, "जोरात बोला बापू, वाफेत ऐकू नाही आलं." त्यांना लख्ख ऐकू आले होते. जावयांना पुन्हा बोलावे लागले.

मी जळून निळा पडलो होतो, अंगाला तडे गेले होते. भाऊ भंगारात गेला. त्याचा सूडही मलाच उगवायचा आहे. मला मामांनी उचलून या दारात आणले. "सकाळी जो दार उघडेल त्यानं हा लावायचा," म्हणाले. दार रोज जावईच उघडतात.

मित्रांनो, चाक तापले तर आधी चाक उचलून फिरवून पाहा, माणसाला बोल नंतर लावा. आणि धरता येते तसे सोडताही आले पाहिजे, नाहीतर सगळे जळते. हे मी अनुभवाने सांगतो. मला स्वतःला अजून जमलेले नाही.

मला उचलण्याआधी जावई रोज माझ्याजवळ उलटा हात आणतात. सकाळी मी गारच असतो. पण दुपारी या दारात ऊन येते, आणि दार लावताना मला उचलायलाही त्यांनाच यावे लागते. तोवर मी जमेल तेवढा तापून घेतो.