पंधरा इंची चाकं

नेमगोंडा चौगुल्यांनी लाल होंडा सिटी घेतली तेव्हा त्यांची मुलगी त्रिशला तीन वर्षांची होती. त्यांच्या अकोळ गावात त्या वेळी ट्रॅक्टर होते, जिपा होत्या. पण नुसती पळवायची हौस म्हणून घेतलेली गाडी ही एकच. निपाणीहून बेळगाव पन्नास मिनिटांत गाठणारा माणूस म्हणून चौगुल्यांना लोक ओळखत. मग दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कडेचं दिसेनासं झालं. एके दिवशी त्यांनी आपणहून किल्ली त्रिशलाच्या हातात दिली. "आता तू चालीव," एवढंच म्हणाले.

त्रिशलाचं निपाणीत औषधाचं दुकान होतं. रोज त्याच गाडीनं ती जाई-येई. गाडीवर तिचाही जीव होता, पण ती तेरा इंची चाकं तिला बघवत नसत. पैलवानाच्या पायात पोराच्या चपला घातल्यासारखी दिसतात, असं ती म्हणायची. शेवटी तिनं बेळगावला अनगोळच्या भरमू मिस्त्रीला फोन केला. त्यानं पंधरा इंची चाकं चालतील म्हणून सांगितलं आणि टायरचं मापही धाडलं: रुंदी एकशे पंच्याण्णव, उंची पन्नास.

तिला हुबळीच्या एका माणसाकडं मिळालेल्या चाकांवर साठचे टायर होते. म्हणजे रबराची उंची थोडी जास्त. दहाच्या फरकानं काय बिघडतंय, असं म्हणून तिनं ती घेतली आणि निपाणीतच बसवून टाकली. चाकांवरची पोकळी भरून आली, गाडी रुबाबदार दिसायला लागली. चार दिवस ती एकटीच हिंडली; कुठं कसला आवाज नाही.

आप्पांना, म्हणजे वडिलांना, तिनं विचारलं नव्हतं. ते अंगणात आले, चाकापाशी उकिडवे बसले, टायरवरनं गोल तळवा फिरवला आणि शेताकडं निघून गेले. त्यानंतर आठ दिवस ते गाडीत बसले नाहीत. निपाणीला जायचं तर एसटीनं गेले.

"चाकांचा राग न्हाय गं," प्रेमला, तिची आई, म्हणाली. "विचारलं न्हाईस, त्याचा हाय."

नवव्या दिवशी बेळगावात डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ होती. तेव्हा मात्र ते बसले, पण मागं, त्रिशलाच्या पाठीमागच्या सीटवर. शेजारी प्रेमला. डिकीत बेळगावच्या आत्यासाठी शेंगांचं पोतं.

संकेश्वर मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "काटा कितीवर हाय?"

"ऐंशी."

"तिथंच धर. प्रेमला, घड्याळ बघ. किलोमीटरचा दगड आला की सांग."

पाच दगड झाले. प्रेमलानं साडेतीन मिनिटं सांगितली.

"ऐंशीनं पावणेचार लागायला पायजेत," आप्पा म्हणाले. "तू पंच्याऐंशीच्या वर हाईस. चाक मोठं झालं, म्हणून काटा कमी दावतोय."

"इंजिन आज फार्मात हाय, आप्पा," ती हसून म्हणाली.

आप्पा हसले नाहीत.

वंटमुरीच्या घाटात पहिल्याच वळणाला मागून घर्र असा आवाज आला. दुसऱ्या वळणाला तो लांबला आणि जळक्या रबराचा वास आत आला. प्रेमलानं नाकाला पदर लावला. त्रिशलानं गाडी कडेला घेतली. आप्पा दार धरून उतरले, मागच्या उजव्या चाकाच्या वरच्या पोकळीत हात घातला आणि बाहेर काढला तेव्हा बोटं काळी झाली होती.

"इथं हात घाल."

तिनं घातला. पत्र्याची दुमडलेली कड आत होती आणि टायरचा खांदा तिथं सोलून निघाला होता. माणसं मागं बसली, डिकीत पोतं आलं, गाडी खाली दबली आणि पत्रा रबरावर टेकला. एकटीनं हिंडताना हे कसं कळणार होतं? आणखी दहा-वीस मैल असंच पळवलं असतं तर टायर फुटला असता.

"पोतं म्होरं घ्या," आप्पा म्हणाले. "मी बी म्होरं बसतो. प्रेमला, तू डाव्या अंगालाच ऱ्हा. चाळीसच्या वर जाऊ नगंस."

पायांत पोतं घेऊन ते तिच्या शेजारी बसले. आवाज थांबला. बराच वेळ मागच्या ट्रकांचे हॉर्न ऐकत ती हळूहळू चालवत राहिली.

"भरमूनं पन्नासचं सांगितलतं," ती शेवटी म्हणाली. "मीच साठचं घेतलं. मोठी दिसत होती म्हणून."

"मग तसं सांगायचं. इंजिन फार्मात हाय म्हणं." थोड्या वेळानं ते म्हणाले, "मला दिसत न्हाय म्हणून विचारलं न्हाईस, असं वाटलं मला."

तसं नव्हतं, असं तिला म्हणायचं होतं. पण थोडंफार तसंच होतं. "चुकलं, आप्पा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब तपासला. दाब आटोक्यात होता. गेलेली नजर मात्र परत येणार नव्हती. आप्पांनी कन्नडमध्ये विचारलं, गाडी चालवू? डॉक्टरांनी मान हलवली, मग त्यांना ते दिसलं नसेल हे लक्षात येऊन तोंडानं नको म्हणाले. आप्पांनी "बरं" म्हटलं आणि चष्मा पुसत बसले.

अनगोळात भरमूनं गाडी उचलून धरली आणि त्रिशलाकडं बघितलं. "आक्का, माप धाडलतं की मी."

"व्हय."

"ही कड ठोकून वर वळवतो. न्हायतर जुनी चाकं परत घाला."

आप्पा जुनीच घाला म्हणतील, असं त्रिशलानं धरलं होतं. त्यांनी चाकाच्या आऱ्यांवरनं एकेक करून बोट फिरवलं.

"पत्र्याला हातोडा लावायचा न्हाय," ते म्हणाले. "चाकं ऱ्हाऊ द्या. चांगली हाईत. टायर तेवढे पन्नासचे घाला."

भरमूनं पन्नासचे चढवले, आप्पांना आणि प्रेमलाला मागं बसवलं, पोतं डिकीत टाकलं आणि त्रिशलाला अनगोळच्या गल्ल्यांतनं दोन फेऱ्या मारायला लावल्या. चाक कुठं घासलं नाही. मग ते आत्याकडं जेवायला गेले.

पुढच्या सोमवारी आप्पांनी तिला चिक्कोडीच्या आरटीओत न्यायला सांगितलं. कशाला ते वाटेत सांगितलं नाही. खिडकीपाशी त्यांनी गाडीची कागदपत्रं पिशवीतनं काढली. कारकुनानं कन्नडमध्ये विचारलं, कुणाच्या नावावर करायची?

"मगळु," ते म्हणाले, म्हणजे मुलगी, आणि हातानं त्रिशलाला पुढं ओढलं.

आप्पांची पहिली सही चौकटीबाहेर गेली. कारकुनानं दुसरा अर्ज दिला. त्रिशलानं ओळीखाली बोट धरलं, आणि त्या बोटाच्या आधारानं त्यांनी सावकाश पूर्ण नाव लिहिलं.