सरासरी अकरा मिनिटं

सरकारी कार्यालयांना मार्क द्यायचं काम माझ्याकडे आहे. राज्यातली दोनशे बारा कार्यालयं, प्रत्येकाला शंभरपैकी गुण, आणि त्यासाठी चौदा पानी फॉर्म. फॉर्म मीच तयार केला. तेव्हा वरच्यांनी पाठ थोपटली होती आणि ती पाठ मी वर्षभर मिरवली.

त्या दिवशी आरोग्य खात्याच्या दाखला कार्यालयात गेलो. यंदाचा पहिला नंबर त्यांचाच ठरत होता. टोकन घेतल्यापासून दाखला हातात पडेपर्यंत सरासरी अकरा मिनिटं. बाकीच्या कार्यालयांत तेवढ्या वेळात साहेबांचा चष्मा सापडत नाही.

इथले साहेब गोड. इतके, की मुंग्या लागाव्यात. त्यांनी हौसेने हॉल दाखवला. लादी चकचकीत, खुर्च्या बारा, माणसं पाच. गर्दी कुठे आहे, मी विचारलं. गर्दी आम्ही होऊच देत नाही, म्हणाले. टोकनचं यंत्र दाराच्या आत होतं आणि दारात रखवालदार. आतला एक बाहेर पडला की बाहेरचा एक आत. रांग मागच्या गल्लीत, पत्र्याच्या कुंपणाआड. झाकली मूठ सव्वा लाखाची.

माझ्या फॉर्मात घड्याळ टोकनपासून सुरू होत होतं. त्याआधी माणूस जन्मालाच आलेला नसतो, असं मी चौदा पानांत व्यवस्थित लिहून ठेवलं होतं. या लोकांनी फॉर्म मन लावून वाचला होता. लिहिताना मीही तेवढा वाचला नव्हता. मला त्यांचा राग आला आणि स्वतःची शिसारी.

गल्लीत गेलो, तर रांगेत माझी ताई.

भावोजींची फुप्फुसं गेल्यापासून घरी ऑक्सिजनचं यंत्र आहे. रुग्णालयाने ते इथला दाखला आणून द्यायच्या बोलीवर दिलेलं. आज संध्याकाळपर्यंत दाखला नाही, तर उद्या सकाळी यंत्र परत न्यायला माणूस येणार होता. ताई तीन दिवस पहाटेपासून येऊन उभी राहत होती. रोज दार बंद व्हायच्या वेळी तिच्यापुढे पंधरा-वीस माणसं उरायची आणि दुसऱ्या दिवशी नवी रांग. मला का नाही सांगितलंस, मी विचारलं. तुझी कामं मोठी, ती म्हणाली, असल्या गोष्टीत तुला कशाला ओढायचं.

साहेब मागोमाग आलेच होते. नातं कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. तुमच्या ताई त्या आमच्याही ताई, म्हणत त्यांनी मागचं दार उघडलं. ताई हलेना. पुढे तीसेक माणसं आहेत, एवढंच म्हणाली. मला भावोजींची धाप ऐकू येत होती. मी तिचा दंड धरला आणि आत नेलं. रांगेतले बघत राहिले. ताईने मान खाली घातली. मीही घातली.

टोकन निघालं, नऊ मिनिटांत दाखला मिळाला. ती नऊ मिनिटंही सरासरीत जमा झाली.

मग साहेबांनी माझाच फॉर्म माझ्यापुढे सरकवला. बाहेरच्या रांगेचं लिहावं लागेल, मी म्हटलं. ते हसले नाहीत की रागावले नाहीत.

"लिहा की," ते म्हणाले. "रकाना कुठला ते फक्त दाखवा. ताई कुठल्या दाराने आल्या, तेही त्यातच लिहून टाकू."

माझा हात दगडाखाली होता. दुसऱ्या हाताने सही केली. शंभरपैकी शहाण्णव. चार का कापले? थोडी लाज शिल्लक होती म्हणून.

बाहेर ताई दाखला पिशवीत नीट ठेवत होती. वर न बघता तिने विचारलं, "मार्क देतोस ना तू यांना? किती दिलेस?"

मी आकडा सांगितला.

"मग जा, रांगेत सांगून ये," ती म्हणाली. "माझ्यामागे एक म्हातारी होती. तिचा आज चौथा दिवस आहे."