जाते म्हणू नये

ऑफिसातल्या काउन्सेलर बाई म्हणाल्या होत्या, रोज डायरी लिहा, डोकं शांत राहील आणि कामंही उरकतील. शांत? घोडपदेवच्या एका खोलीत आम्ही चार माणसं. तिथे रडायला कोपरा मिळत नाही, लिहायला कुठून मिळणार? तरी हट्टाने लिहीत होते. आणि खरंच, झोप लागायला लागली होती, कामातल्या चुका कमी झाल्या होत्या.

काल जेवताना माझ्या नवऱ्याने, निमेशने, ती डायरी गादीखालून काढली आणि माझा आवाज काढून मोठ्याने वाचली. "'जेवलीस का, असं मला कुणी विचारत नाही.' अरेरे, बिच्चारी!" सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी भरल्या ताटावरून उठले, तेही कुणी पाहिलं नाही.

सकाळी डायरी पर्समध्ये कोंबली, चपला घातल्या आणि म्हटलं, "जाते."

"अगो, जाते काय? येते म्हण!" सासूबाई आतून ओरडल्या. घरातून निघताना 'जाते' म्हणणं अशुभ, हे मलाही लहानपणापासून माहीत आहे. पण मी 'येते' म्हटलं नाही.

ऑफिसात डायरी उघडली. 'रागाच्या भरात तोंडून गेलं,' असं लिहायचं होतं. हाताने लिहिलं भलतंच: 'मला त्या घरी परत जायचं नाही.' पुन्हा वाचलं. खोडावंसं वाटेना.

माहेरी, प्रभादेवीला, आईला फोन लावला.

"काय गं, आत्ता कसा फोन? जेवलीस का?"

"आई," मी म्हटलं, "येते."