थंड पडलेले कार्ड

मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. तुम्ही माझी गोष्ट ऐकायला का बसलात, याचाच मला पहिला संशय येतो. सहसा माझ्याकडे आपणहून कोणी फिरकत नाही, आणि जो येतो त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर असतो.

मित्रांनो, संगणकाच्या पोटात बसणारी तळहाताएवढी हिरवी पट्टी म्हणजे मी. पडद्यावर अक्षरे, आकडे, रेघा उमटवायच्या, एवढेच माझे काम. खेळांच्या संगणकांत माझे थोरले भाऊबंद असतात, दोन-दोन पंखे लावून घोंघावणारे. मला पंखा नाही. पाठीवर धातूची एक फणी आहे. काम करून अंग तापले की ऊब तिच्यातून बाहेर जाते. कारखान्यात एका बाईंनी मला भिंगाखाली धरले, 'पास'चा शिक्का मारला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलेही नाही. इतक्या झटपट कोणी पास करते का? तेव्हापासून मी सावध राहायला शिकलो.

माझे उभे आयुष्य ज्या कचेरीत गेले, तिथे औषधांच्या बाटल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांचा मजकूर तयार होत असे. बारीक अक्षरे आणि त्याहून बारीक आकडे. कचेरीला बारा स्वस्त संगणक घ्यायचे होते.

"बोर्डावर चिप आहेच की," दुकानदार म्हणाला. "तीच दाखवते सगळं. वेगळं कार्ड कशाला?"

"घ्यायचंच तर दोन पंख्यांचं घ्या," कचेरीचे तंत्रज्ञ म्हणाले. त्यांची नजर काचेच्या कपाटातल्या सर्वांत मोठ्या कार्डावर खिळली होती.

खरेदी पाहणाऱ्या बाई दोघांचेही नीट ऐकून घेत होत्या आणि विश्वास एकावरही ठेवत नव्हत्या. मला त्या तेव्हाच आवडल्या. त्यांनी एका चिठ्ठीचा मजकूर सोबत आणला होता. तो त्यांनी आधी चिपवर दाखवायला लावला. चिप जुन्या वळणाची, रुंद पडद्याचे पूर्ण माप तिला झेपेना. ती लहान चित्र ताणून बसवी आणि अक्षरांच्या कडा पसरत. माझ्यावर तोच मजकूर लख्ख दिसला. थोरल्या भावावरही तितकाच लख्ख दिसला, हे मी लपवणार नाही.

"आम्हाला वाचायचंय, विमानं नाही उडवायची," बाई म्हणाल्या. "हे बिनपंख्याचं बरं आहे. आवाज नाही, वीज कमी, आणि आमच्या संगणकांच्या अरुंद खोक्यात मावेल. बारा द्या."

माझी निवड झाली. पण चांगला म्हणून घेतला की स्वस्त म्हणून, ही शंका मला कित्येक दिवस कुरतडत राहिली.

मला खिडकीजवळच्या टेबलावर, तपासनीस काकूंच्या संगणकात बसवले. काकू वीस वर्षे चिठ्ठ्या तपासत आल्या होत्या, आणि त्यांच्या नजरेतून चूक सुटली असे झाले नव्हते. "काय स्वच्छ दिसतंय बाई!" असे त्या रोज सकाळी म्हणत. ते कौतुक पडद्याचे की माझे, हे मात्र त्यांनी कधी सांगितले नाही. खोक्यात चिप घरची लेक, मी घरजावई. त्या बोर्डाची एक खोड होती. मी आलो तरी चिप जागीच राहिली. खोक्याच्या मागे तिचे आणि माझे तोंड अगदी सारखे, निळे. पडद्याची वायर कोणत्याही तोंडात खोचली तरी चित्र दिसे.

दोन वर्षे बरी गेली. मग भिंतींना रंग द्यायचे ठरले. अशा वेळी कचेरीची रीत ठरलेली होती. वायरी काढायच्या, टेबले मधोमध ओढायची, आणि रंग वाळला की ज्याने त्याने आपला संगणक आपण जोडायचा. काकूंच्या गुडघ्यांना वाकणे जमत नसे, म्हणून त्यांचा संगणक शिपाई मामांनी जोडून दिला. मामा अधूनमधून झाकण उघडून माझ्या फणीतली धूळ मऊ ब्रशने झाडत. जगात माझा विश्वास होता तो एवढ्या एकाच माणसावर.

संगणक सुरू झाला आणि माझे तोंड रिकामे. सगळे काम चिपकडे, आणि अक्षरांच्या कडा पुन्हा पसरलेल्या. मी मनात म्हटले, साधला यांनी डाव! चिपने कान भरले असतील. दुकानदाराला नवे काही खपवायचे असेल. तंत्रज्ञांच्या डोळ्यांत तर मी पहिल्या दिवसापासून खुपत होतो. मामा सोडून सगळ्यांना मी संशयितांच्या रांगेत उभे केले, आणि ठरवले की आता माझ्यावाचून यांचे कसे चालते ते मजेत बघत बसायचे.

काकूंनी पहिल्या दिवशी चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी खिडकीचा पडदा ओढला. नव्या रंगाची तिरीप डोळ्यांवर येत असेल, असे त्यांना वाटले. मला हसू येत होते.

तिसऱ्या आठवड्यात लहान मुलांच्या एका औषधाची चिठ्ठी त्यांच्या हाताखालून गेली. '०.५' हवे तिथे '०५' टाइप झाले होते. मधले टिंब नाही, हे काकूंच्या लक्षात आले नाही. छपाईच्या आधी औषधतज्ज्ञांनी पकडले म्हणून बरे, नाहीतर बाळांना दहापट औषध गेले असते.

मोठे साहेब टेबलाशी आले. "काकू, वय झालं की होतं असं. सोमवारपासून तुम्ही टपालाच्या टेबलावर बसा."

"डोळे तपासून आलेय साहेब. नंबर तोच आहे. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"डॉक्टर ओळखीचे असतील तुमच्या."

साहेब गेल्यावर काकूंनी थोरल्या बहिणीला फोन लावला. "ताई, डॉक्टर काहीही म्हणू देत गं, मला टिंब नाही दिसलं. एखाद्या लेकराला काही झालं असतं तर? माझा मलाच भरवसा वाटेनासा झालाय."

मित्रांनो, मला माझी लाज वाटली. मजा बघायला बसलो होतो मी, आणि त्या मजेत एका बाईची वीस वर्षे बुडत होती. ओरडून सांगावे म्हटले, तर माझे तोंड रिकामे.

टेबल दुसऱ्याला देण्याआधी संगणक तपासायला शुक्रवारी तंत्रज्ञ आले. अक्षरे पसरलेली पाहून त्यांनी झाकण उघडले, माझ्याकडे एक नजर टाकली आणि निकाल दिला, "कार्ड गेलंय. स्वस्तातलं घेतलं की असंच होतं." हे खरेदीच्या बाईंच्या कानावर गेले. त्या तडक आल्या.

"मी निवडलंय ते. मला बघू द्या."

त्यांनी माझ्या फणीवर बोट ठेवले. मग शेजारच्या संगणकाचे झाकण काढायला लावून तिथल्या कार्डावर ठेवले, आणि पुन्हा माझ्यावर.

"ते चांगलंच तापलंय. हे जेमतेम कोमट. बिघडलेलं नाही हे, याला कुणी काम देत नाहीये." त्या खोक्याच्या मागे वाकल्या. "अगंबाई! वायर चिपच्या तोंडात आहे."

त्यांनी वायर काढून मला दिली. पडदा क्षणभर काळा झाला आणि अक्षरे लख्ख उभी राहिली.

"मी जोडली होती काकू," शिपाई मामा म्हणाले. "बसली तिथं बसवली. दोन तोंडं आहेत हे ध्यानातच आलं नाही हो."

मी सगळ्या जगावर संशय घेतला, पण कुणाची साधी चूक झाली असेल, हे एकदाही माझ्या मनात आले नव्हते.

"तुम्ही माझ्यासाठी वाकलात तरी, मामा," काकू म्हणाल्या.

मोठे साहेब दारात उभे होते. "चला, कळलं ते बरं झालं. सोमवारी इथेच बसा मग," असे म्हणून ते वळले.

"थांबा साहेब." काकू उठल्या. "बाई, वायर परत चिपला लावा. आणि साहेब, तुम्ही बसा माझ्या खुर्चीत."

साहेब बसले. काकूंनी कोणती ते न सांगता तीच चुकलेली चिठ्ठी पडद्यावर उघडली आणि औषधाच्या मापावर बोट ठेवले. साहेबांनी चष्मा सारखा केला, पुढे झुकले, आणखी झुकले.

"शून्य पॉइंट पाच," ते म्हणाले.

"मधे टिंब नाहीये, साहेब."

साहेबांनी पुन्हा पडद्याकडे पाहिले. मग चष्मा काढून खाली मान घालून म्हणाले, "चुकलं माझं, काकू."

मित्रांनो, मला जपा असे मी सांगणार नाही. सांगितले तरी जपाल, याची मला खात्री नाही. आमची धूळ झाडा, वायर कुठे जाते ते पाहा, पुष्कळ झाले. पण 'तुला दिसत नाही' असे एखाद्या माणसाला सांगायचे असेल, तर आधी त्याच्या खुर्चीत बसा आणि ती ओळ स्वतः वाचा.