बांधावरचं माहेर

दुर्गाबाईला माहेर नव्हतं. म्हणजे एके काळी होतं, वर मावळात, पवनेच्या काठी. पण पटकीच्या साथीत आई, बाप आणि पाठचा भाऊ असं सगळं घर धुऊन गेलं आणि मामानं पोरीला पिंपरीत उजवून हात झटकले. लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला आळीतल्या सुना भावाच्या गाडीत बसून हसत निघून गेल्या, तेव्हा ही गोठ्यात तोंड लपवून रडत बसली. सासू सोजराबाई तोंडाची मोठी फटकळ. तिनं सुनेचा हात धरला आणि तिला ओढतच शेताच्या बांधावर नेलं. तिथं छातीइतकं उंच वारूळ होतं.

"ह्यो नागोबा तुजा भाऊ. आता रडशील तर बघ!"

पोरगी उगी राहावी म्हणून सासूनं सांगितलेली गोष्ट सुनेनं मात्र खरी धरली. आत नाग होता की नव्हता, देव जाणे. कुणी कधी पाहिला नव्हता. पण वारुळातलं घर नांदतं होतं. नदीकडची माती काळी, चिकण. वर सरकावं तसा तिला तांबूसपणा चढायचा, आणि दोन्ही माती जिथं गळ्यात गळा घालत, नेमक्या त्या बांधावर वाळवीनं वारूळ उभारलेलं. पावसानं शेंडा खचला की वाळवी आतली ओली माती आणून तो पुन्हा लिंपायची. दुर्गाबाईला वाटे, भाऊच घराची डागडुजी करतोय. पोटातलं मूल गेलं, तेही तिनं नवऱ्याच्या आधी तिथं सांगितलं.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात ते रान कारखान्यासाठी गेलं. नवरा मारुतराव भोसरीकडच्या माळावर आपल्या पडीक तुकड्यात छप्पर घालून बसला. भांडीकुंडी हलली, जनावरं हलली. दुर्गाबाईनं गाडीची आणखी एक खेप मागितली. वारूळ न्यायला.

मारुतरावाला हसावं की रागवावं कळेना. "अगं, नागोबा म्हंजी काय रांजण हाय व्हय, उचलला नि गाडीत ठेवला?"

"मग भावाला हितं कुणाच्या भरवशावर सोडू?" ती म्हणाली, आणि तिच्या तोंडाकडे बघून त्यानं बैल जुंपले.

तिनं कुणाला हात लावू दिला नाही. पायांतल्या वहाणा काढल्या, माफी मागत मागत स्वतः कुदळ चालवली आणि ढेकळं घमेल्यातून गाडीत नेऊन ठेवली. ढेकळांतून पांढरी वाळवी सैरावैरा धावत होती. भावाचं सगळं गोत बरोबर येतंय म्हणून तिला बरंच वाटलं. अगदी तळाशी मातीची एक टणक डबी फुटली आणि आतून बोटाएवढी, पांढरी, लिबलिबीत अळी बाहेर पडली. शेतकऱ्याच्या बाईला मातीतली पांढरी अळी म्हणजे एकच ठाऊक, पिकाची मुळं खाणारी हुमणी. भावाच्या घरात ही अवदसा! तिनं खुरप्यानं तिथल्या तिथं ती चिरडली. बैल धरून उभी असलेली सोजराबाई काही बोलायला गेली, पण बोलली नाही. नुसता पदर सावरला.

माळावर मातीचा नुसता पापुद्रा होता, खाली सगळा मुरूम. दुर्गाबाईनं दारासमोर ढेकळं रचली, चिखलानं सांधली, जुना आकार आणला. तडे जाऊ नयेत म्हणून रोज सकाळी एक कळशी पाणी ती त्यावर घाली. आधी वाळवी दिसेनाशी झाली. मग शेंडा बसला. बिचारी दोन कळशा घालू लागली. नव्या घरात रुळायला भावाला वेळ लागणारच, असं ती नवऱ्याला सांगे. श्रावणापर्यंत वारुळाचा गुडघाभर ढिगारा राहिला.

पंचमीला सकाळीच सोजराबाईनं चुलीवर दिंडं उकडायला ठेवली. दुर्गाबाई लाह्या, दूध आणि भरलेली कळशी घेऊन ढिगाऱ्यापाशी आली. आज खणायचं नाही म्हणून गाढवं चारायला निघालेली एक वडारीण वाटेत थबकली.

"पानी कशाला घालती, बाई? मेलंय त्ये. राणी न्हाई त्यात."

"कसली राणी?"

"वाळवीची. पांढरी, मऊ, बोटाएवढी. पार तळाला आसती. ती गेली की समदी जात्यात. मग घर लिंपायचं कुनी? तू पानी घालून घालून इरघळून टाकलंस."

वडारीण गाढवं हाकत पुढं गेली. दुर्गाबाईनं मागं वळून पाहिलं. सोजराबाई दारात उभी होती.

"आत्याबाई, ती हुमणी न्हवती?"

"न्हवती."

"तुमाला ठावं व्हतं?"

"मी तोंड उघडस्तोवर तू मारून मोकळी झालीस, पोरी. मागनं सांगून काय व्हणार व्हतं?" फटकळ म्हातारीचा आवाज फुटला. "वाटलं, चार दिस तरी आसू दे तुला भाऊ."

आपल्याच हातानं, आणि तेही त्याच्या भल्यासाठी! माहेरचं कुणी गेल्याची खबर आली की सासुरवाशीण नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेते. तिचं माहेर लग्नाआधीच संपलेलं, त्यामुळं ही वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिनं वारुळासाठी आणलेली कळशी उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर रिती केली.

ते पाहून सोजराबाई आत गेली आणि तिनं दिंडांचं पातेलं चुलीवरून खाली उतरवलं. सुतकात घरात सण करत नाहीत.