काळोबानं अंगावर घेतलं म्हणे!

काळोबा सहा दिवस उपाशी होता आणि घरात सगळे खूश! अहो, चक्क खूश! जयूताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती याच गोष्टीनं.

काळोबा म्हणजे काळा गोल्डफिश, बटणासारखे डोळे बाहेर आलेला. माधव नगरात श्रीकांतदादांच्या हॉलमध्ये वास्तुवाल्याच्या सांगण्यावरून काचेची टाकी आली, तिच्यात आठ सोनेरी मासे आणि नववा हा. सोनेरी बरकतीसाठी. काळा कशासाठी, तर घरावर येणारी बला त्यानं अंगावर घ्यायची. तो मेला की समजायचं, संकट टळलं. मग दुसरा काळा आणायचा!

जयूताई दादांची धाकटी बहीण. सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाच्या वॉर्डात चौतीस वर्षं नर्स, लग्न केलं नाही, राहायला भावाकडेच. माशांना दाणे घालायचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं, या घरातली बाकीची कामं येत तसंच. घरात कुठलाही कार्यक्रम असो, दादा पाहुण्यांसमोर कौतुकानं सांगायचे, "आईचं अंथरुण, बाबांचं डायलिसिस, माझी बायपास, सगळं आमच्या जयूनं अंगावर घेतलं." पाहुणे माना डोलवायचे आणि जयूताई आत चहा टाकायला जायच्या.

"दादा, तो दाण्यापाशी येतो, ओढतो, पण दाणा बाहेरच पडतो. तोंड मिटतच नाहीये त्याचं."

"अगं, सोमवारी मंदारचा इंटरव्यू आहे ना," दादा मुलाचं नाव घेऊन समाधानानं म्हणाले. "त्याचीच बला घेतोय बघ तो. शुभ आहे. तू फालतू परेशान नको होऊ."

विजयावहिनींनी तर टाकीच्या काचेला हळदकुंकू लावलं. जिवंत माशाला!

जयूताई मोबाईलवर व्हिडिओ काढून टावर चौकातल्या माशांच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं तो धड पाहिलाही नाही. निळ्या औषधाची बाटली पुढे सरकवली. "फंगस होगा अम्माजी, दस बूँद डाल दो."

"भैया, मुँह के अंदर देखना पड़ेगा ना?"

"मछली का मुँह कौन देखता है! और काला वाला है, तो जाने दो. नया ले जाना."

कौन देखता है म्हणे! चौतीस वर्षं जयूताईंनी हेच ऐकलं होतं. पोर लाळ गाळतंय, घोट उतरत नाही, आणि कागदावर लिहिलेलं काय, तर भूक वाढवायचं टॉनिक. जयूताई टॉर्च मारायच्या आणि घशात नाणं दिसायचं. आधी बघा, मग लिहा, एवढं साधं कुणाला सुचू नये? ती निळी बाटली त्यांनी तिथेच ठेवली आणि तरातरा घरी आल्या.

शनिवारी सकाळी आंघोळ झाल्याबरोबर त्यांनी टबात टाकीतलंच पाणी काढलं, पदर खोचला, हात ओले केले. वहिनी टॉर्च धरायला तयार होईनात, "मला नको बाई ते पाप," म्हणाल्या. मरू द्यायचं ते पुण्य आणि हे पाप! जयूताईंनी मोबाईलचा टॉर्च लावून तो साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, काळोबाला ओल्या रुमालात धरला आणि उजेडात त्याचं तोंड आणलं.

आत हिरवा खडा होता. आडवा बसलेला. आठवड्यापूर्वी टाकीला शोभा यावी म्हणून वहिनींनी जे रंगीत खडे ओतले होते, त्यातलाच.

"अरे माझ्या राजा," जयूताई म्हणाल्या. माशाचं डोकं खाली करून त्यांनी अंगठ्यानं घशाखाली अगदी हलकं दाबलं. काही नाही. त्याला पाण्यात दम खाऊ दिला. पुन्हा दाबलं. खडा जरा सरकला, तसा बोथट चिमट्यानं त्यांनी तो उभा केला, आणि तो बशीत पडला. काळोबानं सहा दिवसांत पहिल्यांदा तोंड मिटलं. जयूताईंना रडूच आलं.

दुपारी दीडला त्यांनी उकडलेला वाटाणा सोलून, कुस्करून टाकीत टाकला. काळोबानं तो गिळला.

तेवढ्यात दादा जेवायला आले आणि त्यांनी काळोबाला खाताना पाहिलं. "जयू! काय केलंस हे?"

"सोमवार तरी होऊ द्यायचात!" वहिनी कळवळून म्हणाल्या. "स्वतःहून अंगावर घेत होता तो."

जयूताईंनी बशीतला खडा उचलून दादांच्या रिकाम्या ताटात ठेवला.

"त्यानं काही अंगावर घेतलं नव्हतं, दादा. खडे या घरानं टाकले, आणि त्याला गिळता येईना तर तुम्ही हळदकुंकू लावलंत." त्या थांबल्या नाहीत. "आणि मीही घेतलं नव्हतं. तुम्ही टाकलंत. वर चार लोकांत कौतुक केलंत. पण आत काय अडकलंय, ते एकदा तरी बघितलंत?"

वहिनींनी पोळीचा डबा दादांपुढे सरकवला.

जयूताईंनी तो डबा आपल्याकडे ओढला, स्वतःचं ताट घेतलं, त्यात दोन पोळ्या, भाजी, वरण वाढून घेतलं आणि दादांच्या समोरच्या खुर्चीवर बसून सगळ्यांच्या आधी जेवायला सुरुवात केली.